टेस्टनेटच आहे ना, हे उत्तर नव्हे

मेहकर, डोणगाव, जानेफळ भागातली बरीच मुलं आता घरी बसून पुण्या-बंगळुरूची, कधी दुबईची सॉफ्टवेअरची कामं करतात. त्यातली काही ब्लॉकचेनच्या कामात आहेत. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये एक छोटी फाईल हमखास असते, वॉलेट तयार करणारी स्क्रिप्ट. वीस-पंचवीस ओळींची. चालवली की नवं वॉलेट तयार होतं, पत्ता आणि खासगी चावी स्क्रीनवर छापली जाते, आणि पुष्कळदा तीच चावी शेजारच्या फाईलमध्ये उघडी लिहून ठेवलेली असते. विचारलं की उत्तर येतं: टेस्टनेटच आहे ना, चाचणीचं जाळं, त्यात खरे पैसे कुठे आहेत? आधी चालू तर होऊ द्या, सिक्युरिटीचं नंतर बघू.

हे उत्तर देणारे आळशी नसतात. चांगले, अनुभवी, स्वतःच्या कामावर प्रेम असलेले लोक ते देतात, आणि नव्या मुलांना तसंच शिकवतात. म्हणूनच ते मुळातून खोडून काढायला हवं.

चावी म्हणजे २५६ बिटांची एक संख्या. तिच्यावरून पत्ता निघतो, पत्त्यावरून चावी काढता येत नाही. ती संख्या ज्याच्याजवळ, तो मालक. शाखा नाही, ओटीपी नाही, पासवर्ड विसरलो म्हणून अर्ज करायची सोय नाही. एवढं सगळ्यांना पाठ असतं. विसरलं जातं ते पुढचं. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम, त्या साखळीवर चढवताना जो पत्ता तो व्यवहार सही करून पाठवतो, त्याच्याकडेच बहुतेक वेळा त्या कॉन्ट्रॅक्टची मालकी जाते. ओपनझेपलिनच्या ज्या तयार कोडवर जगभरचे कॉन्ट्रॅक्ट उभे आहेत, त्यातल्या मालकीच्या भागात कित्येक वर्षं हेच घडत होतं: चढवणारा तो मालक, आपोआप. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पाचवी आवृत्ती आली आणि तेव्हापासून सुरुवातीचा मालक कोण हे स्पष्ट लिहून द्यावं लागतं. पण लिहिणारा मुलगा तिथेही आपल्याच स्क्रिप्टमधला पत्ता टाकून मोकळा होतो, कारण त्या क्षणी हाताशी तोच असतो.

म्हणजे मालकी ठरते ती विकासाच्या टप्प्यात, त्या वीस-पंचवीस ओळींत. ‘नंतर बघू’ म्हणणारा ज्या नंतरची वाट बघतो, तोपर्यंत नवं कोड, नवी साखळी, नवा ग्राहक सगळं येतं. मालक मात्र पहिल्या दिवशीची चावीच राहते.

ही चर्चा फक्त क्रिप्टोचे सौदे करणाऱ्यांपुरती आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी गडचिरोलीचं उदाहरण देतो. २०२२ च्या मार्चमध्ये एटापल्ली उपविभागातले जातीचे ६५ हजार दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडण्याचं काम जाहीर झालं. लेजिटडॉक नावाची प्रणाली त्यासाठी वापरली गेली. त्याआधी राज्याच्या कौशल्य विकास मंडळाच्या प्रमाणपत्रांसाठीही ती वापरात आली होती. राज्य वखार महामंडळाच्या गोदामात ठेवलेल्या शेतमालाच्या पावतीवर तारण कर्ज देतानाही ब्लॉकचेनचा वापर झाला. सोयाबीन आणि कापूस पिकवणाऱ्या, जातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात रांग लावणाऱ्या मेहकर तालुक्याला या दोन्ही गोष्टी सौद्यांपेक्षा कितीतरी जवळच्या आहेत. मेहकरलाही उपविभागीय कार्यालय आहे. तिथले दाखले उद्या अशाच व्यवस्थेत गेले, तर साखळीवर नोंद करणारा एक पत्ता असेल, त्या पत्त्याची एक चावी असेल, आणि ती चावी कोणत्या तरी संगणकावर कोणत्या तरी स्क्रिप्टने एका दुपारी तयार केलेली असेल. ती चावी म्हणजे कार्यालयाचा गोल शिक्का आहे. शिक्का बनवणाऱ्याने नमुन्यादाखल स्वतःजवळ एक जास्तीचा ठेवला, तर आपण त्याला ‘अजून चाचणीच चालू आहे’ म्हणू देऊ का?

माझा रोख एटापल्लीच्या कामावर नाही. माझा रोख त्या सवयीवर आहे जी अशा प्रत्येक कामाच्या उंबरठ्यावर उभी असते.

आता मुख्य दाव्याकडे येऊ. टेस्टनेटवरचं नाणं फुकटचं असतं, हे खरं. पण चावी फुकटची नसते, कारण तिला साखळी माहीत नसते. इथेरियम, पॉलिगॉन आणि त्याच घडणीच्या सगळ्या साखळ्यांवर एका चावीचा पत्ता एकच असतो, खऱ्या जाळ्यावर आणि चाचणीच्या जाळ्यावरही. पॉलिगॉनच्या चाचणी-जाळ्याचं नाव कित्येक वर्षं ‘मुंबई’ होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते बंद झालं आणि ‘अमॉय’ आलं. मुंबईचा साखळी-क्रमांक ८०००१, अमॉयचा ८०००२, आणि खऱ्या पॉलिगॉनचा १३७. चाचणीतून प्रत्यक्ष वापरात जाताना स्क्रिप्टमध्ये काय बदलतं ते बघा: हा एक क्रमांक आणि जाळ्याचा एक दुवा. चावीची ओळ तशीच राहते. कोणी मुद्दाम तसं करत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ग्राहकाला दाखवायचं असतं, चालणारी स्क्रिप्ट तयार असते, दोन ओळी बदलल्या की काम होतं. महिनोन्महिने फाईलींत, चॅटमध्ये, चार जणांच्या लॅपटॉपवर फिरलेली चावी त्या क्षणी खऱ्या जाळ्यावरची मालक होते.

आणखी एक अडचण आहे, जी बाहेरच्यांना ठाऊक नसते आणि आतले मान्य करत नाहीत. चाचणीची नाणी फॉसेटवरून, म्हणजे ती फुकट वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून, मिळतात, आणि ती आता सहज मिळत नाहीत. बॉट लूट करतात म्हणून काही फॉसेटांनी अट घातली की त्याच पत्त्यावर खऱ्या जाळ्यावर थोडं तरी खरं इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, शिल्लक असलं पाहिजे. झालं! मुलगा आपला खरा पत्ता चाचणीला लावतो, किंवा चाचणीच्या पत्त्यावर खरे पैसे टाकतो. ‘यात पैसे नाहीत’ हे वाक्य तिथेच खोटं ठरतं. यावरचा उपाय सोपा आहे. फॉसेटसाठी एकच पत्ता वेगळा ठेवायचा, त्याची चावी कुठल्याही प्रोजेक्टमध्ये आणायची नाही, आणि तिथून चाचणीची नाणी थोडी थोडी नव्या, फेकून देण्याजोग्या पत्त्यांवर पाठवायची.

चावी कुठे ठेवली याच्याही आधी ती कशी घडवली हा प्रश्न येतो, आणि इथे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची बेफिकिरी मला सगळ्यात जास्त टोचते. २०२३ च्या जुलैमध्ये काही बिटकॉइनधारकांची वॉलेटं रिकामी झाली. त्यांनी कोणाला चावी सांगितली नव्हती, कुठल्या खोट्या दुव्यावर टिचकी मारली नव्हती. त्यांनी लिबबिटकॉइनच्या ‘बीएक्स’ या साधनातली, बीज (जिच्यातून चाव्या निघतात ती गुप्त संख्या) तयार करणारी आज्ञा वापरली होती. कमांडलाइनवरची, स्क्रिप्टमध्ये सहज बसणारी, ‘मास्टरिंग बिटकॉइन’सारख्या नावाजलेल्या पुस्तकातही उदाहरणादाखल दिलेली. आत ती आज्ञा मर्सेन ट्विस्टर हा साधा यादृच्छिक संख्यांचा कोड वापरत होती, आणि त्याला संगणकाच्या घड्याळातले फक्त ३२ बिट पुरवत होती. बाहेरून बघणाऱ्याला २५६ बिटांचं भक्कम बीज दिसायचं. प्रत्यक्षात शक्यता होत्या सुमारे ४२९ कोटी. आकडा मोठा वाटतो, पण चांगल्या संगणकाला त्या सगळ्या तपासायला काही दिवस पुरतात. पुष्कळ वॉलेटं बीज बारा शब्दांत लिहून देतात; अशा नीट घडवलेल्या बीजात ३४ पुढे ३७ शून्यं इतक्या शक्यता असतात. या दोन आकड्यांमधलं अंतर डोळ्यांना दिसत नाही, चाचणीत सापडत नाही, कारण कमकुवत चावीसुद्धा सही अगदी बरोबर करते. नऊ लाख डॉलरहून जास्त रक्कम गेली.

तीच चूक वेगळ्या रूपात त्याआधी झाली होती. ‘प्रोफॅनिटी’ नावाचं साधन मनपसंत अक्षरांचे पत्ते तयार करून द्यायचं. त्याचंही बीज ३२ बिटांचंच होतं. दोष जाहीर झाला आणि पाठोपाठ २० सप्टेंबर २०२२ ला विंटरम्यूट या कंपनीचे सुमारे १६ कोटी डॉलर गेले.

आता आपल्याकडे बघू. पायथन शिकणाऱ्या मुलाला यादृच्छिक संख्या म्हटलं की ‘रँडम’ हे मॉड्यूल शिकवतात. त्याच्या आतही तोच मर्सेन ट्विस्टर आहे. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलंय की सुरक्षेच्या कामासाठी हे वापरू नका, त्यासाठी ‘सीक्रेट्स’ आहे, आणि ते ३.६ या आवृत्तीपासून भाषेतच उपलब्ध आहे. तरी मुलं ‘रँडम’ वापरून चाव्या बनवतात आणि परीक्षक गुण देतात, कारण प्रोजेक्ट चालतो. मला हे शिकवण्यातलं अपयश वाटतं, मुलांचं नव्हे. वॉलेटच्या स्क्रिप्टमध्ये तपासायची पहिली ओळ ही असायला हवी: यादृच्छिकता ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतली आहे का? तिथे चूक असेल तर पुढचं काहीच वाचायची गरज नाही.

दुसऱ्या बाजूचे लोक यावर म्हणतात, मग स्क्रिप्ट हवीच कशाला? मेटामास्क हे वॉलेट-अॅप उघडा, हाताने वॉलेट बनवा, बारा शब्द कागदावर लिहा. अनेक ज्येष्ठ मंडळींना हा शहाणपणाचा मार्ग वाटतो. मला तो तितकाच धोक्याचा वाटतो, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. हाताने बनवायला वेळ लागतो, म्हणून माणूस एकच वॉलेट बनवतो आणि सगळीकडे तेच वापरतो. टीममधल्या दुसऱ्याला लागलं की त्या बारा शब्दांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. त्यातही मोठी फसगत आहे ती ‘नवं खातं जोडा’ या बटणाची. ते दाबलं की दुसरा पत्ता मिळतो, पण तो त्याच बारा शब्दांतून निघालेला असतो. पहिल्या खात्यात स्वतःची बचत, दुसऱ्यात ऑफिसची चाचणी, अशी विभागणी करून माणूस निर्धास्त होतो. मग हार्डहॅट या कॉन्ट्रॅक्ट बनवण्याच्या साधनाच्या सेटिंगमध्ये चावीऐवजी ते बारा शब्द टाकले, की चाचणीसोबत बचतही त्या फाईलमध्ये येऊन बसते.

स्क्रिप्टचं खरं मोल इथे आहे. नवी चावी तयार करणं तिने इतकं स्वस्त केलंय की एकच चावी दोनदा वापरायला कारणच उरत नाही. प्रत्येक चाचणीला नवी, प्रत्येक माणसाला वेगळी, काम झालं की टाकून द्या. माणसाच्या हाताला हे जमणार नाही, स्क्रिप्टला जमतं. म्हणून माझा वाद स्क्रिप्टशी नाही. जी स्क्रिप्ट चावी घडवते आणि सुरक्षित जागी ठेवून गप्प बसते, ती माझ्या बाजूची आहे. जी चावी पोटात घेऊन फिरते, स्क्रीनवर छापते आणि पुन्हा पुन्हा तीच वापरते, तिच्याशी माझं भांडण आहे.

छापण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती ओळ सगळ्यात निरुपद्रवी दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलाना साखळीवरची हजारो वॉलेटं रिकामी झाली. तपासात स्लोप या वॉलेटचं नाव पुढे आलं: त्याचं अ‍ॅप वापरणाऱ्यांचे बीज-शब्द चुका नोंदवणाऱ्या सेवेकडे उघडे जात होते. स्वतःच्याच लॉगने घात केला. आपल्या स्क्रिप्टमधली ‘प्रिंट’ची ओळही टर्मिनलच्या इतिहासात, आपोआप चालणाऱ्या बिल्डच्या नोंदीत, स्क्रीन शेअर केलेल्या मीटिंगच्या रेकॉर्डिंगमध्ये राहते. पत्ता छापा. चावी कधीच छापू नका.

खासगी रेपॉझिटरी आहे, बाहेर कोणाला दिसत नाही, असा एक आधार दिला जातो. पण कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट विसरत नाही. आज फाईल काढून टाकली तरी कालच्या कमिटमध्ये ती आहे. ज्या फाईलची नोंद आधीच झाली, तिचं नाव नंतर गिटइग्नोअर या वगळायच्या फाईलींच्या यादीत घातल्याने काही फरक पडत नाही. आणि खासगी म्हणजे किती जणांचं? काम सोडून गेलेला सहकारी, मध्येच दोन महिने आलेला फ्रीलान्सर, प्रोजेक्ट ताब्यात घेणारी दुसरी एजन्सी, सगळ्यांच्या मशीनवर प्रत असते.

त्याहून मोठा धोका दारातून येत नाही, आपणच तो घरात आणतो. २०२४ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला सोलानासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेब३ लायब्ररीच्या १.९५.६ आणि १.९५.७ या दोन आवृत्त्यांमध्ये चावी चोरणारा कोड घुसवला गेला. ती प्रकाशित करण्याचा अधिकार असलेल्या एका खात्यावर चोरट्यांनी ताबा मिळवला होता. काही तासांत त्या आवृत्त्या काढल्या गेल्या. पण तेवढ्या वेळात फटका कोणाला बसला? ज्यांचे प्रोग्रॅम आणि बॉट थेट चावी हाताळत होते, त्यांना. म्हणजे नेमकं आपल्या चर्चेतल्या स्क्रिप्टसारख्या कोडला. पुढे २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले, तेव्हा अनेक सह्यांची व्यवस्था होती, सगळं होतं. वाट मिळाली होती ती ‘सेफ’ हे वॉलेट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका डेव्हलपरच्या लॅपटॉपमधून. अमेरिकेच्या एफबीआयने या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचं सांगितलं. विकासाचा टप्पा म्हणजे युद्धापासून दूर असलेलं सरावाचं मैदान आहे, ही समजूत यानंतरही टिकून राहावी याचं मला दुःख होतं.

घरून काम शोधणाऱ्या मुलांनी तर हे नीट वाचावं. परदेशी कंपनीच्या नावाने लिंक्डइनवर निरोप येतो, पगार भरघोस सांगितला जातो, मुलाखतीच्या आधी एक छोटं काम दिलं जातं: हा प्रोजेक्ट उतरवून घ्या, चालवून बघा, यातली चूक शोधा. ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली की त्या प्रोजेक्टसोबत आलेला कोड ब्राउझरमधली वॉलेटं आणि डिस्कवरच्या चाव्या शोधून बाहेर पाठवतो. सुरक्षा संशोधक २०२३ पासून ही पद्धत उत्तर कोरियाच्या गटांशी जोडत आले आहेत. नोकरीची आस असलेला मुलगा त्या क्षणी शंका घेत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. पण त्याच्या डिस्कवर उघडी चावीच नसेल, किंवा पासवर्डने कुलूपबंद कीस्टोअर फाईलमध्ये असेल, तर चोराचं काम बरंच अवघड होतं. अनोळखी प्रोजेक्ट वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवावा, हेही त्याला कोणीतरी सांगायला हवं.

एवढी काळजी मोठ्या कंपन्यांना परवडते, आपल्यासारख्यांना नाही, असंही म्हणतात. हा दावा मला उलटा वाटतो. साखळीवर नजर ठेवून बसलेले बॉट गाव बघत नाहीत. हार्डहॅट आणि अ‍ॅन्व्हिल ही साधनं चाचणीसाठी जी खाती देतात, त्यांचे बारा शब्द जगजाहीर आहेत: ‘टेस्ट’ अकरा वेळा आणि शेवटी ‘जंक’. त्या पत्त्यांवर चुकून कोणी खऱ्या जाळ्यावर पैसे पाठवले, तर ते लगेच उचलले जातात. मोठ्या कंपनीकडे निधी असतो, वकील असतात, विमा असतो. तालुक्याच्या गावी एकटा काम करणाऱ्याचा एक ग्राहक गेला की वर्ष जातं. आणि खर्च किती आहे? फाउंड्री या साधनसंचात ‘कास्ट वॉलेट इम्पोर्ट’ ही आज्ञा चावी पासवर्डने बंद करून ठेवते, फुकट. स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या स्थानिक साखळीचा क्रमांक ३१३३७ असतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला तीन ओळी घाला, की जाळ्याचा क्रमांक ३१३३७ नसेल तर जगजाहीर खाती वापरायला नकार दे. खऱ्या जाळ्यासाठी स्क्रिप्टला चावी देऊच नका, हार्डवेअर वॉलेटचा किंवा अनेक सह्यांच्या वॉलेटचा फक्त पत्ता द्या आणि कॉन्ट्रॅक्ट चढताच मालकी तिकडे जाऊ द्या. एका दुपारचं काम आहे, आणि एकदाच करायचं आहे.

काम देणाऱ्यांनाही मी यातून सोडणार नाही. सरकारी कार्यालय असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो की खासगी संस्था, ते स्क्रीन बघतात, क्यूआर कोड चालतो का बघतात आणि बिल मंजूर करतात. मालकीचा पत्ता कोणाचा, हे विचारत नाहीत. करारात तीन गोष्टी लिहून मागा: मालकी कोणत्या तारखेला हस्तांतरित होईल, नवा मालक-पत्ता कोणता आणि त्याची चावी कोणाकोणाच्या हाती, आणि विकासकाच्या सगळ्या पत्त्यांचे अधिकार काढून घेतल्याचा व्यवहार-क्रमांक. शेवटची गोष्ट साखळीवर कोणालाही तपासता येते. ती मिळेपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता रोखून धरा.